टॉरेंटचा अर्थ

विद्यानगरला आमच्या खालच्या मजल्यावर इंग्रजीचे एक निवृत्त मास्तर राहतात. शब्दाचा अर्थ विचारला की ते चष्मा कपाळावर चढवतात आणि अर्थाबरोबर एक वाक्यही ऐकवतात. ते ऐकल्याशिवाय सुटका नसते.

परवा सकाळपासून पाऊस कोसळत होता. दिलसुखनगरला क्लासला गेलेल्या माझ्या मुलीचा मेसेज आला, 'टॉरेंट चालू आहे, उशीर होईल.' नंतर तिचा फोन लागेना. मी धावत सरांकडे गेलो.

"टॉरेंट म्हणजे पाण्याचा लोंढा. माणसाला ओढून नेणारा," ते म्हणाले. वाक्य दिलंच नाही. "चला, जल्दी, ऑटो बघू," म्हणत ते छत्रीशिवाय गेटबाहेर पडले.

शेवटचा रस्ता आम्ही गुडघाभर पाण्यातून तुडवला. मुलगी क्लासच्या जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती.

"बाबा, टॉरेंट म्हणजे डाउनलोड! पुस्तक उतरवत होते. फोनची बॅटरी संपली."

मला हसू आवरेना. सर मात्र पायरीवर मटकन बसले. धाप ओसरल्यावर त्यांनी तिच्या कोरड्या केसांवरून हात फिरवला.

"तुझाच अर्थ बरोबर, बेटा," ते म्हणाले.