मुखपृष्ठावरचा बैल

नांदेडला एका प्रकाशकांकडे मी सहा महिने इंटर्न होते. पहिल्याच दिवशी सरांनी, म्हणजे प्रकाशकांनी विचारलं, "घरी काय करतात?" मी देवणीजवळच्या खेड्यातली. "शेती," एवढंच पुटपुटले. अण्णा, म्हणजे माझे वडील, बैल पाळतात आणि सुट्टीत गोठ्यातलं शेण मी काढते, हे गिळून टाकलं. पुस्तकांच्या माणसांत शेणाचं काय काम? लाज वाटायची, खरं सांगते.

तिसऱ्या महिन्यात एका निवृत्त गुरुजींचं पुस्तक आलं. त्यांनी सांभाळलेल्या देवणी जातीच्या बैलजोडीच्या आठवणी. प्रुफं मी तीनदा वाचली, त्यात दोनदा रडले. लेखकाला मुखपृष्ठ थेट प्रकाशन समारंभातच दाखवायचं, ही सरांची जुनी हौस. एका दुपारी ते मुखपृष्ठ माझ्या टेबलावर आलं आणि त्याच संध्याकाळी छपाईला जाणार होतं.

चित्र सुरेख होतं. बैलही देखणा, फक्त तो देवणी नव्हता. सडपातळ अंग, मागे गेलेली लांब टोकदार शिंगं. पार सांगली-सोलापूरकडचा खिलार!

समारंभ देवणीतच होता. तिथं शेंबडं पोरही बैल ओळखतं. भर मंचावर गुरुजींचं हसं झालं असतं. पण बोलावं तर कालची पोरगी नावाजलेल्या चित्रकाराच्या चुका काढते, असं व्हायचं. तासभर नुसती त्या शिंगांकडे पाहत बसले. मग उठलेच.

"सर, बैल चुकलाय."

"बैल कसा चुकेल?"

"न्हाई सर, ह्यो खिलार हाय. देवणीची शिंगं आखूड असत्यात, कान लोंबते." घाबरले की माझी भाषा गावाकडं पळते.

"तुला काय माहीत?"

"आमच्या गोठ्यात हाय, सर. शेण मीच काढते."

सर हसले नाहीत. त्यांनी छापखान्याला फोन करून काम थांबवलं आणि म्हणाले, "घरून फोटो मागव." अण्णांनी बैल धुतला, भावाने मोबाइलवर वीसेक फोटो काढले. चित्रकार कुरकुरले, पण त्या फोटोंवरून बैल नव्याने काढून दिला.

समारंभात गुरुजींनी पुस्तकावर गुंडाळलेला कागद सोडला आणि चित्रातल्या बैलाच्या कपाळावरून अंगठा फिरवला. मागच्या रांगेत मी अण्णांशेजारी बसले होते आणि छाती अभिमानाने नुसती भरून आली होती.

नंतर अण्णांनी पुस्तक उलटसुलट पाहिलं. "तुझं नाव कुठं हाय?"

"इंटर्नचं नाव टाकत न्हाईत, अण्णा."

"नसू दे. बैल आपला हाय, लई झालं."

आता नव्या ठिकाणी कुणी विचारलं, घरी काय करतात, तर मी बैलापासूनच सुरुवात करते.