दिलेलं चाक

काल गॅरेजमध्ये लेकीच्या सायकलचं पंक्चर काढताना सोल्युशनचा वास नाकात गेला आणि माझं डोकं फिरलं.

बर्मिंगहॅमच्या आमच्या सायकलिंग क्लबच्या शेडमध्ये हाच वास कोंदलेला असायचा. आमची कोच फ्रान्सची. आधी ट्रॅकवर, मग रोडवर, उमेदीची सगळी वर्षं तिने प्रोफेशनल रेसिंगमध्ये घातलेली. मी तेव्हा शाळेत होते. एका संध्याकाळी बाबा मला न्यायला आले आणि त्यांनी तिला कौतुकाने विचारलं, "तुमची सर्वांत मोठी रेस कुठली?"

"जी मी पूर्ण केली नाही ती," टायर बसवता बसवता ती म्हणाली. "मी सगळ्यांच्या पुढे होते. मागे आमच्या टीम लीडरचं, जिला जिंकवायचं आधीच ठरलं होतं तिचं, चाक पंक्चर झालं. मॅनेजर टीमच्या गाडीतून म्हणाला, थांब. मी थांबले, माझं चाक काढून तिला दिलं. ती जिंकली."

बाबा गहिवरले. म्हणाले, "केवढा त्याग!"

"त्याग कसला? ऑर्डर होती," ती म्हणाली.

घरी येईपर्यंत बाबा मला त्यागच समजावत राहिले. पुढे ऑफिसात माझी कामं दुसऱ्यांच्या नावावर गेली, मला 'ग्रेट टीम प्लेयर' म्हणाले आणि मी थँक्यू म्हणत राहिले. त्या थँक्यूचा आता संताप येतो.

लेकीची उद्या रेस आहे. मी चाक घट्ट आवळलं. "हे कुणालाही द्यायचं नाही."

"मम्मी, माझं चाक कोण मागणार?"

"मागत कोणीच नाही," मी म्हणाले. "नुसतं थांब म्हणतात."