पहिल्या आरतीचा मान

कलावती खोब्रागडे यांना राग येतो, असं म्हणणं बरोबर नाही. राग त्यांच्याकडे कायम राहायलाच असतो. त्यांनी जबलपूरजवळच्या पाटनच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवलं. सूर्यग्रहणाच्या दिवशी वर्गात एकही मूल आलं नाही, तेव्हा त्यांनी रिकाम्या बाकांना ग्रहण समजावून सांगितलं, कारण तास वेळापत्रकात होता. हेडमास्तरांनी विचारलं, "मॅडम, किसको पढ़ा रही हैं?" त्या म्हणाल्या, "आप बैठ जाइए, आपको."

त्यांची मतं पक्की आहेत आणि कुणी न विचारता मिळतात. बुद्धासमोर त्या रोज हात जोडतात, मागत मात्र काही नाहीत. मागायचं असेल तर कलेक्टरकडे अर्ज करावा, असं त्यांचं म्हणणं. प्रेमाबद्दलही त्यांना शंका नाही. नवरा लहानू फॅक्टरीत होता. पाटनची बस लवकर सुटायची, म्हणून तो आधी उठून चहा टाकायचा, मरेपर्यंत. याला त्या प्रेम म्हणतात. सून मोना शेजारणींचं पाहून करवा चौथ धरायला लागली, तेव्हा त्या म्हणाल्या, "ललितले बीपीची गोळी वेळेवर दे, अन् तू जेवून घे. दोघंही जास्त जगाल."

ललित त्यांचा मुलगा, बँकेत अधिकारी. लहानू गेल्यावर त्यानं आईला विजय नगरातल्या आपल्या घरी आणलं. तिथे एक गैरसमज आधीच सुखानं नांदत होता. जबलपूरचा माणूस हिंदी आडनाव ऐकलं की समोरच्याच्या पणजोबापर्यंत पोचतो. मराठी आडनावापुढे मात्र तो अडाणी होतो. जोशी काय, खोब्रागडे काय, त्याला सगळे सारखेच. ललित राहायला आला त्या दिवशी सोसायटीचे अध्यक्ष पटेरिया म्हणाले होते, "अच्छा, महाराष्ट्र के हैं! मतलब पंडित लोग." ललित नुसता हसला. ते हसू त्याच्या तोंडावरून अजून उतरलेलं नाही.

यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी पटेरिया घरी आले. "माताजी, मराठी आरती तो मराठी मुख से ही शोभा देती है. इस बार पहली आरती आपके हाथ से."

कलावतीबाई तोंड उघडणार, तोच ललित म्हणाला, "हो जाएगा, भैया."

पटेरिया गेले.

"काय होऊन जाईल?"

"आई, पाच मिनिटांचं काम आहे. तू ताट धर, मी म्हणतो."

"तुले येते?"

"मोबाइलवर पाहून घेईन."

"वा! म्हणजे पंडित बनून राहिला, तेही मोबाइल पाहून." त्यांचा आवाज चढला. "माह्या बापानं नागपूरहून दीक्षा घेऊन येताच घरातले देव वैनगंगेत सोडले. तू ते इथं काहून काढून राहिला?"

"कारण मला इथं राहायचंय!" ललित पहिल्यांदाच ओरडला. "शाळेत तुझा पाण्याचा ग्लास वेगळा ठेवायचे, तूच सांगायचीस ना? एकताला ते पाहायला लागू नये. बस."

एकता त्याची मुलगी, कॉलेजात जाणारी. मुद्दा खरा होता. म्हणूनच कलावतीबाईंना जास्त राग आला. आपण सोसलं ते मुलानं लपण्यासाठी वापरावं, हे त्यांना त्या ग्लासापेक्षा वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडप भरला. पटेरियांनी माताजींचा परिचय करून दिला. ताट ललितच्या हातात होतं. कलावतीबाईंनी ताट घेतलं नाही, माइक घेतला.

"मैं बौद्ध हूँ. आरती नहीं करती. मेरा बेटा भी बौद्ध है, बताता नहीं है."

मग पटेरियांचा चेहरा उजळला. "अरे माताजी, बुद्ध भगवान तो विष्णु जी के ही अवतार हैं! सब एक ही है."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"नहीं हैं," कलावतीबाई म्हणाल्या, पण माइक त्यांच्या हातातून प्रेमानं काढून घेतलेला होता. नकार एवढ्या आदरानं गिळला जाईल, याची त्यांनी तयारी केली नव्हती.

मागच्या खुर्चीवरची एक बाई पुढे झुकली. "वैसे आंटी जी, मूल में आप लोग क्या हुए?"

एक शब्द उच्चारला असता, तर सगळ्या मंडपाला क्षणात उलगडा झाला असता. तो शब्द सोडण्यासाठीच तर दीक्षा होती.

"मूल में टीचर," त्या म्हणाल्या आणि ललितकडे वळल्या. "तू सांग."

ललितनं ताट पटेरियांच्या हातात दिलं आणि तो घराकडे चालू लागला.

घरी आल्यावर तो म्हणाला, "झालं तुझं समाधान?"

"कशाचं? ताट देलं तू. तोंड काहून नाही उघडलं?"

"आता उद्या येतील ते विचारायला."

"येऊ दे. दार तूच उघडजो. मी एक शब्द बोलणार नाही."

एवढी भयंकर धमकी त्यांनी आयुष्यात कुणाला दिली नव्हती.

सकाळी पटेरिया खरंच आले, प्रसाद घेऊन. कलावतीबाई पेपरामागे बसून राहिल्या. ललितनं दार उघडलं.

"टेंशन मत लीजिए," पटेरिया हळूच म्हणाले. "हमने सबको समझा दिया, माताजी की तबीयत ठीक नहीं थी."

बाहेर पडायला ही वाट चांगली रुंद होती.

"तबीयत ठीक थी," ललित म्हणाला. "हम बौद्ध हैं, भैया. और बुद्ध किसी के अवतार नहीं हैं. बाकी जो पूछना हो, अंदर आकर मुझसे पूछिए."

पटेरियांना तेवढ्यात एक काम आठवलं. प्रसादाचा डबा त्यांच्याच हातात राहिला. ललितनं दार लावलं. त्याची कानशिलं लाल झाली होती.

"आवाज बारीक होता तुहा," पेपरामागून कलावतीबाई म्हणाल्या.