विमानासाठी फोडलेला धुरा

ब्रह्मपुरीकडच्या आमच्या धानाच्या बांधीत विमान पडलं होतं म्हटलं, की लोक आधी माझं तोंड हुंगतात. हुंगा. पण त्या श्रावणात पावसानं दडी मारली होती आणि अख्ख्या शिवारात गुडघाभर पाणी एकट्या आमच्या बांधीत होतं, हे तरी गावात कोणालाही विचारा. वडिलांनी ते रोवणीसाठी राखलेलं. दिवसभर धुऱ्यावर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधावर, बसून असत. बेडूक जास्त पाणी पिऊन जाईल म्हणून त्याच्यावरही डोळा. खालची बांधी काकांची, कोरडीठाक. या पाण्यापायी दोघांचं बोलणं तीन वर्षं बंद होतं.

भर दुपारी नदीकडून एक लहानसं खासगी विमान खोकत आलं. मग खोकलाही थांबला. इंजिनाचा जोर गेला होता, असं मागाहून चौकशीला आलेले साहेब म्हणाले. ते इतकं खाली आलं की वडिलांचा दुपट्टा घेऊन गेलं. चाकं पाण्याला टेकली, चिखलात रुतली आणि विमान पाठीवर उलटं झालं.

आत एकटा पायलट, पट्ट्याला उलटा लोंबकळलेला, डोकं पाण्यात. दार चिखलात गच्च. आईनं फुटक्या खिडकीतून हात घालून त्याचं डोकं वर धरलं आणि ओरडली, "पाह्यता काय नुसते? माह्या हातातून सुटला तं मरन ना तो!"

वडिलांनी पाण्याकडे पाहिलं. मग पऱ्ह्यांकडे, रोवायला वाढवलेल्या धानाच्या रोपांकडे. काका फावडं घेऊन धावत आले आणि धुऱ्याशीच थबकले.

"भाऊ, मी नाई फोडत धुरा. पानी माह्याच बांधीत जाते. उद्या गाव म्हनन, यानंच विमान पाडलं."

"तीन सालात बोलला नाई, आता भाषन देऊन राह्यला काऊन बे? आन इकडं!"

वडिलांनी फावडं हिसकावलं आणि स्वतःच धुरा फोडला. पाणी उतरेपर्यंत आईचा डावा हात वीतभर लांब झाला. मोजून दाखवतो. मग आम्ही सगळ्यांनी दार ओढून पायलटला बाहेर काढलं. धुऱ्यावर बसल्यावर त्यानं पहिलं काय मागावं? "पानी."

वडिलांनी रिकाम्या बांधीकडे हात केला. "सारं तं तुलेच देल्लं ना बाबू! आनखी कुठून आनू?"

काका हसता हसता चिखलात बसले.

दुसऱ्या दिवशी तेच दारात. "पऱ्हे वाळवता काय भाऊ? घेऊन या खाली."

त्या वर्षी आमची रोवणी काकांच्या बांधीत झाली. दोघं भाऊ दोन टोकांना उभे राहून दिवसभर एकमेकांचा उद्धार करत होते आणि रोवणाऱ्या बायांचा हसून हसून हात चालत नव्हता.

आता दोघंही नाहीत. बांधी भरली की मी आपणहून खाली पाणी सोडतो. चुलतभाऊ चंद्रपूरहून मोबाईलवर थँक्यू पाठवतो. थँक्यू घेऊन काय करू? भांडायला माणूस पायजे धुऱ्यावर.