ठकीची दोन मापं पेंड

जनावरांच्या संशोधन केंद्रात त्यांना सगळे नळीवाले काका म्हणत. बत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. गाईच्या मानेची शीर अंगठ्यानं दाबायची, ती फुगली की सुई सरकवायची, नळी भरायची, तिच्यावर गाईचा नंबर चिकटवायचा आणि बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत पोचवायची. हात इतका हलका की सुई बाहेर आली तरी गाय रवंथ करीतच असायची. धार काढणारा गडी म्हणायचा, "काका, तुम्ही माणसांच्या दवाखान्यात असता तर लोक हौसेनं आजारी पडले असते." काका यावर मिशीतल्या मिशीत हसत. निवृत्तीला महिनाच उरला होता, आणि आजवर त्यांची एकही नळी चुकली नव्हती. हे लोकच म्हणत. काका स्वतः म्हणत नसत, पण ऐकायला त्यांना आवडायचं.

शेवटचं मोठं काम मॅडमचं होतं. मॅडम म्हणजे केंद्रातल्या डॉक्टर, वयानं काकांच्या थोरल्या मुलीएवढ्या. त्यांनी काकांना सगळं नीट समजावून सांगितलं होतं. गाय व्यायली की दूध भराभर वाढतं, पण भूक मागे राहते. तूट भरून निघते ती अंगावरच्या चरबीतून. चरबी साठवून ठेवायची की सोडायची, याचा हुकूम बराचसा रक्तातल्या इन्सुलिनकडून सुटतो. खाल्लं की ते चढतं, खाली गेलं की चरबीच्या कोठीचं दार उघडतं. हे तपासायला वीस ताज्या व्यालेल्या गाई निवडल्या होत्या. दर आठवड्याला, सकाळी सात वाजता, उपाशीपोटी रक्त.

एकोणीस गाई ठरल्यासारख्या वागल्या. विसावी ठकी. एका डोळ्याभोवती काळा ठिपका असलेली, अंगानं आडवी आणि स्वभावानं त्याहून आडवी.

चौथ्या आठवड्याच्या नळ्या देऊन काका निघाले होते, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "काका, तुमच्या ठकीनं कमाल केली. पहिल्या आठवड्यात बाकीच्यांसारखीच होती, आणि दुसऱ्यापासून इन्सुलिन वर. चरबीही फारशी वितळत नाही. एवढ्या लवकर सावरणारी गाय मी पाहिलेली नाही. अहवालात तिच्यावर वेगळं पान लिहिते."

काका "हो का" म्हणाले आणि रिकामा डबा तिथंच विसरून बाहेर पडले.

कारण पहिल्या आठवड्यात ठकीनं त्यांना लोखंडी कठड्यावर दाबलं होतं. गड्यानं तिला धरलं तेव्हा कुठे नळी भरली. दुसऱ्या आठवड्यापासून काकांनी आपली युक्ती काढली. रक्ताच्या दिवशी पाचला यायचं, तिच्यापुढे दोन मापं पेंड ठेवायची आणि कपाळ खाजवायचं. सातला ठकी मेणाहून मऊ. उपाशीपोटी म्हणजे सकाळचा चारा पडण्याआधी, हे काकांच्या डोक्यात पक्कं होतं. पेंड ही त्यांच्या लेखी चारा नव्हतीच. ती समजूत होती, रुसलेल्या पोराची काढतात तशी.

संध्याकाळी बायको समोर बसून वाटाणे सोलत होती. "जेवणात मन नाही तुमचं. काय झालं?"

काकांनी सांगितलं. सांगताना तीनदा पाणी प्यायले.

"अहो, दोन मापं पेंडीनं एवढं काय आभाळ कोसळतं?"

"आभाळ नाही गं. पण खोटं छापून येईल, आणि पुढची माणसं ते खरं धरून चालतील."

"मग सांगा उद्या."

"बत्तीस वर्षांत एक चूक नाही म्हणतात सगळे. आता जाता जाता..."

"असं म्हणणारे आपल्या घरात राहत नाहीत म्हणून म्हणतात. परवा मीठ आणायला गेलात आणि पिठीसाखर घेऊन आलात."

काकांना हसू आलं, आणि घास खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमच्या टेबलासमोर उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. मॅडमनी ठकीच्या आकड्यांचा कागद पुढे ओढला.

"तीन आठवड्यांचे आकडे गेले, काका."

"हो."

"आधी का नाही बोललात?"

"मला ते खाणं वाटलंच नाही."

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "मीही सातला येते. पाचला गोठ्यात काय चालतं, ते कधी विचारलं नाही. उद्या पुन्हा घेऊ. पेंड नाही, आणि तिला बिथरवायचंही नाही. घाबरली तर साखर चढते, मग तेही आकडे फुकट. जमेल?"

"बघतो," काका म्हणाले. त्यांना अजिबात खात्री नव्हती.

पाचला ते रिकाम्या हातांनी गेले. ठकीनं आधी त्यांचे हात हुंगले, मग खिसे, मग तोंड फिरवलं. काका खरारा घेऊन तिच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत राहिले. दोन तास. मध्येच मिठाची आणि पिठीसाखरेची गोष्टही त्यांनी तिला सांगितली. सातला अंगठा शिरेवर टेकला तेव्हा ठकीनं एक पाय उचलून सावकाश त्यांच्या बुटावर ठेवला. काकांनी पाय काढला नाही. सुई आत गेली. नळी भरली. ठकी रवंथ करीत होती.

निकाल दुपारनंतर आला. ठकीचं इन्सुलिन खाली होतं, बाकी एकोणीसजणींसारखंच.

"पान गेलं," मॅडम म्हणाल्या.

"वाईट वाटतंय?"

"थोडं. पण विसाच्या वीस गाई एकच सांगतात, हे काय कमी आहे? आणि ते तीन आठवडे मी लपवणार नाही. तळटीप देते, पाचला नजरचुकीनं खुराक दिला गेला. कोणी दिला ते नाही लिहीत. किती ग्रॅम, ते मात्र लिहावं लागेल."

काका खाली गोठ्यात गेले. नेहमीसारखी दोन मापं शिगोशीग भरली, तराजूवर घातली, आकडा चिठ्ठीवर लिहिला. खात्रीसाठी पुन्हा एकदा तोलली. आकडा तोच आला.

तोललेली पेंड परत पोत्यात ओतायला ते वळले, तर पलीकडून ठकी मान लांब करून बघत होती. पुढचं रक्त थेट पुढच्या आठवड्यात होतं. काकांनी घमेलं तिच्यापुढे ठेवलं, आणि चिठ्ठी नीट घडी करून वरच्या खिशात घातली.