कुंकवाखालचा नंबर

कोल्हापूरला निघण्याआधी मी पिशवी दोनदा तपासली. बॅटरी, भिंग, दाढीचा लहान आरसा, मऊ ब्रश, पातळ कागद, काळी मऊ पेन्सिल आणि अकरा मुद्द्यांची यादी. कपडे दोनच जोड. नाशिकच्या एका कारखान्यात मी सुट्या भागांचं स्टोअर सांभाळते, त्यामुळे वस्तू मोजून घेतल्याशिवाय मला घराबाहेर पडता येत नाही.

काम होतं एक गाडी तपासण्याचं. सत्तरेक वर्षांपूर्वी आपल्या रस्त्यांवर गोल नाकाची, फुगीर पाठीची एक छोटी मोटार आली. लोक तिला प्रेमाने डुक्कर म्हणत. पहिल्या तुकडीच्या गाड्यांचे भाग परदेशातून पेट्यांमधून येत आणि इथे जोडले जात. पुढे त्यांत बरेच बदल झाले. त्या पहिल्या तुकडीतल्या कोणत्या गाड्या अजून शाबूत आहेत, याची नोंद आम्ही काही हौशी मंडळी ठेवतो. नोंदवही माझ्याकडे असते. तिच्यात तेवीस गाड्या होत्या. चोविसावीसाठी कुरुंदवाडच्या विजयरावांचा फोन आला.

"आण्णा, माझे वडील, आयुष्यभर सांगायचे, ही पहिल्या लॉटची आहे," ते म्हणाले. "त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. खरंच तशी निघाली, तर मी तिला अगदी मूळ रूपात आणणार आहे. जुनी दारंसुद्धा मिळवून ठेवलीत. तुम्ही बघून सांगा, त्याच दिवशी मिस्त्री काम सुरू करतील."

मी चेसिस नंबरचा फोटो मागवला. फोटोत इंजिनामागच्या पत्र्यावर एक लाल ढेकूळ दिसत होतं. गंज असणार असं धरून मी यादीत लिहिलं, "नंबर वाचता येण्याची शक्यता कमी."

सकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा चांगलाच गारठा होता. उद्यमनगरातून शामराव मिस्त्रींना बरोबर घेऊन पुढे जायचं ठरलं होतं. हाताशी तासभर होता, म्हणून एका हॉटेलात कटवडा मागवला (कट म्हणजे मिसळीचा तो लालभडक, तिखट रस्सा). खाता खाता यादी वाचायची माझी सवय नडली. कटाचा थेंब नेमका "चेसिस नंबर" या अकराव्या मुद्द्यावर पडला आणि पुसायला गेले तसा तेलकट लाल डाग आणखी पसरला.

समोर बसलेले एक गृहस्थ मान न उचलता म्हणाले, "राहू द्या पावणं. कोल्हापूरचा शिक्का बसला की."

उद्यमनगरात गल्लीगल्लीतून लेथ चालू होते. एका दारात ओतकामाची काळी वाळू पसरलेली, दुसऱ्या दारात ताज्या ओतीव पुलीची रास. शामराव मिस्त्री बाहेरच बाकावर हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. वय पंच्याहत्तरच्या घरात, पण पिशवी माझ्या हातात देईनात.

"तुमीच काय नाशकाच्या बाई? चला. दारं काढायची म्हणं."

"आधी गाडी पहिल्या तुकडीची आहे का, ते ठरायचंय."

"हाय ती पहिलीच. आण्णा खोटं बोलत न्हवतं." मग माझ्या हातातल्या कागदाकडे बघून म्हणाले, "पर तुमी यादी केलीया न्हवं? बघा की मग."

कुरुंदवाडच्या एसटीत आम्हाला शेजारी जागा मिळाली. ऊसतोडीचे दिवस. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पुढे डुलत चाललेले आणि त्यांच्यामागे आमची गाडी मुकाट. खिडकीबाहेर तोडलेल्या उसाच्या फडांत बगळे उतरले होते. मी विचारलं, ही मोटार तुम्ही किती वर्षांपासून बघता?

"लगीन झालं न्हवतं माजं, तवापासनं," एवढंच म्हणून मिस्त्रींनी पिशवी आणखी घट्ट धरली. दारांचं काम त्यांना नको आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी ते वयावर ढकललं.

कुरुंदवाडला विजयराव स्टँडवर न्यायला आले. पन्नाशीचे, इचलकरंजीला यंत्रमागाच्या कारखान्यात देखरेखीचं काम करणारे, बोलायला मऊ. नदीपासून थोड्या अंतरावर घर, अंगणात पत्र्याची शेड. घराच्या भिंतीवर माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर महापुराच्या पाण्याची मळकट रेघ अजून दिसत होती. ओट्यावर विजयरावांच्या आई उभ्या होत्या. सगळे त्यांना आक्का म्हणतात. नदीपलीकडच्या एका गावात त्या प्राथमिक शाळेच्या शिक्षिका होत्या, आणि आण्णा, म्हणजे त्यांचे यजमान, गावातच हायस्कूलला गणित शिकवायचे. आक्का उंचीने माझ्याहूनही लहान होत्या.

"आलासा? आधी पाणी घ्या," त्या म्हणाल्या. "गाडी कुठं पळून जात नाही."

शेडमध्ये ती उभी होती. साईच्या रंगाची, नाक वर करून. कोपऱ्यात गोणपाटाखाली विजयरावांनी मिळवलेली दोन जुनी दारं टेकवून ठेवलेली. मी घरातली एक चटई मागून अंथरली आणि कामाला लागले.

डॅशबोर्डवरच्या तेलाच्या आणि पाण्याच्या काट्यांवरचे शब्द परदेशी भाषेतले: बरोबर. मागची काच लहान: बरोबर. मागचे दिवे, बॉनेटची कडी, काचांवरची खूण: सगळं बरोबर. असे सात मुद्दे भराभर झाले. मग अडलं. पहिल्या तुकडीत वळताना दाराच्या खांबातून पिवळा हात बाहेर येई, तसला सिग्नल असे. इथे ती खाच पत्रा लावून बुजवलेली. फुली. क्लचच्या पेडलवर चक्क लाकडाचा ठोकळा बसवलेला, पायाने झिजून मधे खोलगट झालेला. फुली. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पुढची दारं. त्या तुकडीत पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असत, दार पुढून, वाऱ्याच्या तोंडावर उघडत असे. इथे दोन्ही दारं फिरवून बिजागऱ्या पुढे घेतल्या होत्या, आजच्या गाड्यांसारख्या. काम इतकं सफाईदार होतं की जोड शोधायला मला भिंग लागलं. तरी फुलीच.

आक्का ओट्यावरून बघत होत्या. "किती मार्क पडले?"

"अकरापैकी सात. एक प्रश्न बाकी आहे."

"पास आहे म्हणजे," त्या म्हणाल्या आणि भाकऱ्या करायला आत वळल्या.

शेवटचा प्रश्न नंबरचा. बॉनेट उघडून बॅटरी मारली. फोटोतलं लाल ढेकूळ समोर होतं. मी ब्रश टेकवला तोच विजयराव म्हणाले, "ते जरा आईला विचारून. गंज काढायचा म्हटलं की ती हात लावू देत नाही."

आक्का पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. "किती वेळा सांगायचं तुला? गंज न्हाई तो. कुंकू आहे."

मग उलगडा झाला. दर खंडेनवमीला घरोघरी गाडीची पूजा होते. लोक बॉनेटला कुंकू लावतात. आण्णा मात्र पहिल्या वर्षी आक्कांना म्हणाले होते, "असलं नाक आणि असले डोळे या सगळ्याच गाड्यांना आहेत. हिचं एकटीचं असं फक्त हे आहे," आणि त्यांनी नंबरावर बोट ठेवलं. तेव्हापासून आक्का तेलात कालवलेलं कुंकू तिथेच लावत आल्या. पन्नासेक नवमींचा थर बसला होता.

"मी काढते," त्या म्हणाल्या. वाटीत गोडं तेल आणि कापूस घेऊन त्यांनी तो थर भिजवला, देवाची मूर्ती पुसावी तसा हलक्या हाताने पुसला. कापसाचे अकरा बोळे लागले. मी मोजले. खाली पत्रा स्वच्छ होता. महापुरात गाडी काचांपर्यंत बुडाली होती, आजूबाजूला सगळीकडे गंजाचे फोड होते, पण तेलकुंकवाखाली आकडे कालच ठोकल्यासारखे. आणि ते एका ओळीत नव्हते. एक वर, एक खाली, आठचा आकडा किंचित कललेला. पहिल्या तुकडीचे आकडे हाताने एकेक ठोकत. पुढे ते सरळ येऊ लागले. मी पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी फिरवली. उठलेल्या छापाला फिकट लाली होती. नोंदवहीतून उतरवून आणलेल्या आकड्यांशी ताडून पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं.

"पहिल्या तुकडीचीच आहे," मी सांगितलं.

विजयरावांनी नंबरावरून बोट फिरवलं. मग डोळे पुसत म्हणाले, "आण्णा असायला हवे होते. मिस्त्री, जेवलो की लगेच दारं काढायला घेऊ."

जेवायला कृष्णाकाठची वांगी होती, अख्खी भरलेली, तोंडात विरघळणारी, आणि ज्वारीची गरम भाकरी. मी तिसरी भाकरी नको म्हणत होते तेव्हा शामराव मिस्त्रींनी ताट बाजूला सारलं.

"बाई, ती तुमची यादी वाचा की जरा. फुल्या कशाकशाला मारल्यासा?"

मी वाचलं. "वळायचा सिग्नल."

"त्यो हात मोडला हुता, म्हणून खाच बुजवली. समद्याला गोष्ट नसती. फुडं?"

"क्लचचा ठोकळा."

"आक्काचा पाय पुरत न्हवता. शाळंला गाडी घिऊन जायाची ही, नदीपल्याड. अख्खा गाव हसायचा, मास्तरनीची गाडी म्हणून. आण्णानं फणसाचं लाकूड घिऊन स्वता तासलाय त्यो. फुडं?"

"पुढची दारं," मी म्हणाले. माझा आवाज खाली आला होता.

मिस्त्री विजयरावांकडे वळले. "पुलावर वारं सुटलं हुतं. दार नीट लागलं न्हवतं, वाऱ्यानं उलटं फाकलं. आक्का अर्धी भाईर. एका हातानं स्टेरिंग धरून ऱ्हायली म्हणून वाचली. सातवा म्हैना हुता. तू पोटात हुतास."

चुलीपाशी भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"दुसऱ्या दिशी आण्णा दाराला सुतळी बांधून गाडी घिऊन कोल्लापुरात. म्हणालं, शाम, दार फिरव. म्या म्हटलं, सर, कंपनीनं केलंय तसं ऱ्हाऊ द्या, वंगाळ दिसंल. तर म्हणालं, कंपनीला हिचं काय ठाऊक हाय? बिजागऱ्या म्याच ओतल्या. लेकरू हुईस्तवर आण्णानं तिला गाडीला हात लावू दिला न्हाई. आता तू म्हणशील तर काढतो की. म्हातारा झालोय, पर काढाय येतंय."

"आई, मला कधी सांगितलं नाहीस," विजयराव म्हणाले.

"सांगण्यासारखं काय होतं?" आतून उत्तर आलं. "पडले न्हाई की."

विजयराव उठून शेडमध्ये गेले. थोड्या वेळाने मीही गेले. ते चालकाच्या जागी गुडघे दुमडून बसले होते. पाय लाकडाच्या ठोकळ्यावर. दार उघडं होतं. त्यांनी ते ओढलं, लागल्याचा आवाज ऐकला, पुन्हा उघडलं, पुन्हा ओढलं.

"ताई, दारं अशीच ठेवली तर नोंदीत काय राहील?"

"फुली राहील. नंबर पहिल्या तुकडीचा, दारं मूळ नाहीत."

"राहू दे मग," ते म्हणाले. बाहेर डोकावून हाक मारली, "मिस्त्री, बिजागऱ्या जरा कुरकुरतात. तेल घाला."

सकाळपासून बंद असलेली ती पिशवी शामराव मिस्त्रींनी तेव्हा उघडली. आतून सगळ्यात आधी लांब नळीची तेलाची डबी निघाली.

दुपारी निघताना आक्कांनी बॉनेट उघडून नंबरापाशी नवं कुंकू लावलं. या वेळी आकड्यांवर नव्हे, शेजारी. मग किल्ली घेतली. "स्टँडवर सोडते तुम्हाला," म्हणाल्या. मी विजयरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "बसा. ती चालवताना मी नुसता मागं बसतो. बोललेलं चालत नाही." मिस्त्री त्यांच्या शेजारी बसले. मी पुढे बसून दार लावलं. अगदी बारीक आवाजात ते लागलं. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने वाट देईपर्यंत आक्कांनी हॉर्नवरचा हात काढला नाही.

नाशिकला परतल्यावर मी चोविसावी नोंद केली आणि लालसर छाप तिथे चिकटवला. मुद्द्यांसमोर खुणा केल्या. तीन फुल्या पडल्या. बरोबरच होत्या त्या, मी खोडल्या नाहीत. पण इतकी वर्षं मी गाड्या तपासताना बदललेल्या भागासमोर फुली मारून पुढे जात होते, तो कुणासाठी बदलला हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. माझ्या घरी स्वयंपाकाच्या ओट्याशी, मला हात पुरावेत म्हणून, पायाखाली फळी बसवलेली आहे. ती बसवून घ्यायला मी सांगितलं नव्हतं, एवढं त्या संध्याकाळी आठवलं.

पट्टी घेऊन मी वहीत एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, "कोणासाठी". चोविसाव्या गाडीच्या ओळीत दारांपुढे लिहिलं, आक्कांसाठी. मग पान मागे उलटून पहिल्या गाडीपासून सुरुवात केली. मालक साताऱ्याकडचे. त्यांच्या नोंदीत मागच्या सीटपाशी जादाची लोखंडी मूठ बसवल्याची फुली होती. मी फोन लावला आणि विचारलं, ती मूठ कोणासाठी बसवली होती?

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "थांबा हां. आईला बोलावतो."