बिनपाण्याचं औषध

माझ्या सासूबाईंना जाऊन आता वर्ष होत आलं. मी त्यांना आत्या म्हणायचे. आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. परंड्यात गावाच्या कडेला आमचं घर आहे, मागे गोठा आहे. मी इथल्याच एका कॉलेजात मराठी शिकवते. घरात पुस्तकं माझी आणि म्हशी त्यांच्या, अशी सरळ वाटणी होती. मी वाचत बसले की त्या जाता जाता म्हणायच्या, "वाच बाई, वाच. म्हशीला वाचून दावलं तर दूध वाढतंय का बघ."

त्या दोन्ही वेळा दुधाचा रतीब घालायला पायी जायच्या. त्यांच्या दुधात पाणी नसतं हे सगळ्या गल्ल्यांना माहीत होतं. म्हशी आटल्या की त्या काही दारांवरून "आज न्हाय" म्हणत परत यायच्या, पण दूध पुरवायला त्यात पाणी घालत नसत. एकदा एका तान्ह्या बाळाच्या आईनं म्हटलं, "आजी, जरा पातळ करून द्या ना, बाळाला जड होतं." आत्या म्हणाल्या, "पानी तुज्या घरचं घाल, तुज्या हातानं घाल. माज्या हातानं पडायचं न्हाय." आणि त्यांनी दूध तसंच ओतलं. त्या हे सांगताना हसायच्या, पण त्यात गंमत थोडी होती. उरलेला सगळा अभिमान होता.

त्यांच्या शेवटच्या वर्षी एका म्हशीच्या कासेला कुंपणाची तार लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी जखम धुण्यासाठी जंतुनाशकाची मोठी बाटली दिली. ते औषध घट्ट होतं आणि वासानं नाक भरून जायचं. डॉक्टरांनी गोठ्यात उभं राहून समजावलं होतं की एक झाकण औषध तांब्याभर पाण्यात घालायचं, नुसतं कधीच लावायचं नाही, कातडी भाजते. डोळ्यांत उडू द्यायचं नाही, नंतर हात धुवायचे. आत्यांनी मान डोलावली आणि पहिल्या दिवशी नुसतंच लावलं. म्हशीनं लाथ झाडली, बादली पार गोठ्याबाहेर गेली. दुसऱ्या दिवसापासून त्या पाणी घालू लागल्या. त्यांच्या हिशेबी पाणी घालायचं ते म्हशीला झोंबू नये म्हणून, जसं कुणाला तिखट सोसत नसेल तर आमटीत घालतात तसं. म्हैस बरी झाली. उरलेली बाटली गोठ्याच्या कोनाड्यात राहिली.

थंडी सुरू झाली तेव्हा धार काढताना त्याच म्हशीचा खूर आत्यांच्या पायावर पडला. अंगठ्याजवळ कातडी फाटली. त्यांना बरीच वर्षं साखरेचा आजार होता आणि पाय बधिर होत चालले होते. चप्पल वाटेत पायातून निघून जायची आणि घरी आल्यावर त्यांना कळायचं. माझे यजमान म्हणाले, "आई, दवाखान्यात चल." त्या म्हणाल्या, "म्हशीचा खूर लागलाय, त्याला मानसाचा दवाखाना कशाला? म्हशीचंच औषद हाय की घरात."

आम्ही हसलो. त्या रोज गोठ्यात जाऊन स्वतःच पट्टी बदलू लागल्या. वरून स्वच्छ फडकं दिसायचं, औषधाचा वास यायचा. आतलं आम्हाला नंतर कळलं. त्या कापूस नुसत्या औषधात भिजवायच्या, जखमेवर ठेवायच्या, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधायच्या म्हणजे रतिबाला फिरताना ओल टिकावी, आणि त्यावर फडकं. रोज झोंबायची वाट बघायच्या. झोंबत नव्हतं. म्हशीनं लाथ मारली होती आणि आपल्याला तर मुंगी चावल्यासारखंही होत नाही, म्हणजे जखम भरत आली, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

एका रविवारी त्या न्हाणीच्या दगडावर बसून पट्टी सोडत होत्या आणि मी पाणी घेऊन गेले. अंगठा पांढराफटक होता, खूप वेळ उकळल्यासारखा. कडेनं काळं पडलेलं. फडक्याबरोबर तळव्याची कातडी सुटून आली. त्यांनी ती शांतपणे बाजूला ठेवली.

"आत्या, दुखत नाही?"

"न्हाय की. दुखलं असतं तर वरडले नसते व्हय?"

मी पिंपातलं पाणी तांब्यातांब्यानं पायावर ओतत राहिले, बराच वेळ. अशा वेळी दुसरं काहीही लावायचं नसतं, साधं पाणी वाहू द्यायचं असतं, एवढं मला ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "अगं, औषद वाया घालवलंस समदं." त्याच दिवशी गावातल्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि आम्हाला सोलापूरला पाठवलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई आत्यांच्या खाटेवर टेकून बोलल्या. हे जंतुनाशक एवढं घट्ट असतं की जंतूंबरोबर आपलं जिवंत मांसही जळतं, वर प्लॅस्टिक बांधलं की ते आतल्या आत मुरत जातं, आणि साखरेमुळे पायाची जाणीव गेली असेल तर पाय सांगतच नाही की मी भाजतोय. सगळं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. पाय वाचवायचा प्रयत्न करू, पण खात्री देता येणार नाही, असंही सांगितलं.

आत्यांना एकच गोष्ट पटत नव्हती. "पानी घातल्यावर त्यात काय राहतंय बाई? पानी घालून म्या दुधाचा थेंब इकला न्हाय कधी. मंग सोताच्या जखमंला पानचट लावू?"

"आजी, दूध म्हशीनं तयार करून दिलेलं असतं. हे औषध तयार झालेलंच नसतं. न्यायला-आणायला सोपं पडावं म्हणून घट्ट ठेवतात. पाणी घातलं की मग ते औषध होतं. त्याआधी ते नुसतं जाळणारं रसायन."

रतीब घालणाऱ्या बाईला आयुष्यभर जे पाप वाटलं, तेच इथं करायला हवं होतं, हे आत्यांच्या आत कुठंतरी उतरत होतं. मग त्यांनी माझं मनगट धरलं.

"अगं, किल्ल्याकडच्या शिवणवालीला म्या दिलंय ते. तिच्या टाचा फुटल्यात. तिलाबी साखर हाय. म्हनलं, पानी घालू नगंस, घातलंस तर गुन यायचा न्हाय."

"कशात दिलंत?"

"थंड प्यायची बाटली असती बघ, त्यात. तू जा. आत्ताच जा. माज्या पायाचं काय व्हायचं ते हुईल."

मी कुर्डूवाडीमार्गे परंड्याला आले आणि घरी न जाता थेट किल्ल्याकडे गेले. शिवणवाली म्हातारी मशीनवर वाकून परकराला नेफा घालत होती. मी बाटली मागितली.

"का? सासूनं दिलेलं सुनंनं परत न्यायचं? ही कुठली रीत?"

"मावशी, ते भाजतं. आत्यांचा पाय भाजलाय त्यानं."

तिनं मशीन थांबवलं. बाटली चुलीजवळ तेलाच्या बाटलीला खेटून उभी होती. वरचं थंड पेयाचं वेष्टन तसंच होतं. कुणी तहानेनं घोट घेतला असता तर, हा विचार मला ती हातात घेतल्यावर आला.

"किती लावलंत?"

"एकडाव लावलं. आई गं, असं झोंबलं, मी तर घरभर नाचले! लगीच पाय धुतला. म्हनलं, ही दूधवाली बया रतिबाला आली की तिला इचारते, हे औषद हाय का इस्तू हाय?" मग तिचा आवाज बदलला. "तिला झोंबलं न्हाय?"

"नाही."

म्हातारीनं तोंडाला पदर लावला.

ती बाटली आणि कोनाड्यातली, दोन्ही मी जनावरांच्या डॉक्टरांकडे देऊन आले. मोरीत ओतायला मन धजेना, आमच्या मोरीचं पाणी परसात जातं, तिथं म्हशी तोंड घालतात.

सोलापूरला परत गेले तेव्हा आत्या जाग्याच होत्या. "आनलीस?"

"आणली. त्यांनी एकदाच लावलं होतं. झोंबलं म्हणून लगेच धुतलं."

"झोंबलं तिला?"

"खूप."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "तिचं पाय जितं हायती." मग चादरीखाली आपला पाय जिथं होता तिकडं बघत राहिल्या, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

आधी अंगठा काढला. मग पाऊल. मग गुडघ्याखालून. शेवटच्या वेळी आत नेताना त्यांनी मुलाला विचारलं, "काठी घिऊन रतीब घालता यील का रं?" तो म्हणाला, "येईल की, आई." डॉक्टरीणबाई त्या वेळी दुसरीकडे बघत होत्या. जखमेचं विष रक्तात गेलं होतं. शुद्ध पुरती परत आलीच नाही. दवाखान्यातच त्या गेल्या.

आम्ही त्यांना घरी आणलं. अंगणात चटईवर ठेवलं, नवं लुगडं नेसवलं. रतिबाच्या गल्ल्यांतल्या बायका आल्या, ज्यांची बाळं त्यांच्या दुधावर मोठी झाली त्या सगळ्या. आमच्याकडे गेलेल्या वडीलधाऱ्या माणसाच्या पायांवर डोकं ठेवून निरोप घेतात. प्रत्येक बाई रडत पुढं यायची, वाकायची, दोन्ही हात पुढं करायची, आणि मध्येच थबकायची. एक हात टेकायला जागा होती. दुसरा हात क्षणभर तसाच अधांतरी राहायचा आणि मग ती तो हळूच पहिल्या हाताजवळ नेऊन ठेवायची.

माझी पाळी आली तेव्हा मला हे माहीत होतं, मी आधीपासून बघत होते. तरी माझेही दोन्ही हात पुढं गेले.